स्कॉटलंडमधील ग्रामीण पॅरिशचे जुने दप्तर कसे वाचावे

स्कॉटलंडच्या एखाद्या ग्रामीण पॅरिशचा, म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील गावपरिसराचा, इतिहास शोधताना १ जानेवारी १८५५ ही तारीख आधी ध्यानात घ्यावी. त्या दिवसापासून जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सरकारी नोंदणी सुरू झाली. त्यापूर्वीच्या नोंदी चर्च ऑफ स्कॉटलंडचा मिनिस्टर (धर्मोपदेशक) किंवा सेशन क्लार्क, म्हणजे चर्चच्या स्थानिक सभेचा (सेशनचा) कारकून, ठेवत असे. ही जुनी रजिस्टरे आता एडिनबरातील नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडकडे असून स्कॉटलंड्सपीपल या संकेतस्थळावर पाहता येतात. त्यांतले सर्वांत जुने रजिस्टर पर्थशायरमधील एरल पॅरिशचे, १५५३ सालचे आहे. मात्र हायलँड्स आणि बेटांवरील कित्येक पॅरिशची रजिस्टरे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात किंवा त्याहूनही उशिरा सुरू होतात.

संकेतस्थळावरील नावांच्या सूचीत नाव सापडले की तेवढ्यावर समाधान मानू नये. मूळ पानाची प्रतिमा उघडावी, कारण खरी माहिती तिथे असते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत वडिलांच्या नावापुढे बहुधा शेताचे किंवा वस्तीचे नाव येते, आणि या दोन नावांमधला इंग्रजी शब्द फार मोलाचा असतो: ‘इन’ असेल तर तो माणूस तिथे जमीन कसणारा कूळ, ‘ऑफ’ असेल तर जमिनीचा मालक. आईचे आडनाव माहेरचे असते, कारण स्कॉटलंडमध्ये विवाहानंतरही स्त्रीची नोंद माहेरच्या आडनावाने करण्याचा प्रघात होता. साक्षीदारांची नावेही उतरवून घ्यावीत. ते पुष्कळदा नातलग किंवा शेजारी निघतात. मग शेताचे नाव नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावरील जुन्या ऑर्डनन्स सर्व्हे (सरकारी भूमापन) नकाशांत शोधावे.

विवाहाची म्हणून दिसणारी नोंद अनेकदा होऊ घातलेल्या विवाहाच्या चर्चमधील घोषणेची असते, आणि वधू व वर वेगवेगळ्या पॅरिशचे असल्यास दोन्हीकडची रजिस्टरे पाहावी लागतात. दफनाच्या नोंदी विरळ आहेत. तिथे शवपेटीवर घालण्याच्या वस्त्राचे भाडे, म्हणजे मॉर्टक्लॉथचे पैसे, सेशनच्या हिशेबात शोधावेत.

नाव सापडले नाही, म्हणून ते कुटुंब त्या पॅरिशमध्ये नव्हतेच असे ठरवू नये. १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्स कर होता आणि तो टाळण्यासाठी अनेकांनी नोंदच केली नाही. शिवाय १७३३ पासून काही मंडळी मूळ चर्चमधून फुटून निघाली होती आणि १८४३ साली तर ४५० हून अधिक मिनिस्टरांनी बाहेर पडून फ्री चर्च स्थापन केले. अशा कुटुंबांसाठी त्या त्या मंडळीचे दप्तर निराळे पाहावे.

माझ्या मते पॅरिशचा जिवंत इतिहास कर्क सेशनच्या, म्हणजे चर्चच्या त्या स्थानिक सभेच्या, इतिवृत्तांत आहे. मिनिस्टर आणि एल्डर (चर्चचे वडीलधारे पदाधिकारी) यांची ही सभा गावाचे आचरणही तपासत असे आणि गरिबांना मदतही वाटत असे. गरिबांची ही व्यवस्था १८४५ च्या कायद्याने पॅरोकियल बोर्डांकडे, म्हणजे पॅरिशच्या मंडळांकडे, गेली. या इतिवृत्तांच्या प्रतिमा स्कॉटलंड्सपीपलवर २०२१ पासून खुल्या झाल्या आहेत, परंतु बहुतेकांना नावांची सूची नसल्याने ती महिन्यामागून महिना वाचावी लागतात. विवाहाबाहेर मूल झाल्याची नोंद रजिस्टरात आढळली, तर त्याच्या आगेमागे वर्षभराची इतिवृत्ते अवश्य पाहावीत. स्त्रीला सभेपुढे बोलावून मुलाच्या पित्याचे नाव विचारले जाई आणि तिने दिलेले उत्तर क्लार्क लिहून घेई. तिचे म्हणणे परक्या पुरुषाच्या लेखणीतून आपल्यापर्यंत येते, हे विसरून ते वाचू नये.

शेवटी सर जॉन सिंक्लेअर यांनी १७९१ ते १७९९ या काळात प्रसिद्ध केलेल्या स्टॅटिस्टिकल अकाउंट या पॅरिशवार पाहणीमधला त्या पॅरिशचा अहवाल काढावा. हे अहवाल बहुतेक ठिकाणी तिथल्या मिनिस्टरांनीच लिहिले असून शेती, मजुरी, शाळा यांबरोबर आपल्याकडचे रजिस्टर अपुरे का राहिले याची कारणेही अनेकांनी त्यांत नमूद केली आहेत.