पुण्यात मलेशियन उपाहारगृहासाठी वस्ती आणि जागा कशी निवडावी

मलेशियन पदार्थांचे उपाहारगृह काढायचे मनात आले की बहुतेक जण आधी भाडे विचारतात आणि मग रस्ता कोणता ते विचारतात. माझ्या मते या दोन्हींच्या आधी आपण मलेशियातले नेमके काय पुण्यात आणणार आहोत, हे ठरले पाहिजे. त्या देशात बाहेर खाण्याच्या किमान तीन वेगळ्या पद्धती शेजारी शेजारी नांदतात आणि प्रत्येकीला लागणारी वस्ती निराळी आहे. तमिळ मुस्लिमांच्या 'मामाक' दुकानांत रोती चनाई (पदर सुटलेली मैद्याची पोळी), डाळ, करी आणि वरून खाली ओतून फेसाळलेला तेह तारिक चहा रात्री उशिरापर्यंत मिळतो. चिनी वंशाच्या कुटुंबांनी चालवलेल्या 'कोपितियाम'मध्ये काया (नारळ आणि अंड्याचा गोड मुरांबा) लावलेला टोस्ट, अर्धवट उकडलेली अंडी आणि दाट कॉफी असा सकाळचा ओघ असतो. मलय घरगुती जेवणाच्या ठिकाणी नासी लेमाक (नारळाच्या दुधात शिजवलेला भात), रेंडांग (नारळाच्या दुधात आटवलेले मसालेदार मांस) आणि भातासोबतच्या भाज्या-रश्श्यांच्या ओळी दुपारच्या जेवणाला लागतात. पुण्यात यातले सगळेच एका छताखाली देता येईल, पण भर कशावर आहे हे ठरल्याशिवाय गिऱ्हाईक कोणत्या वेळी येणार हे कळत नाही, आणि वेळ कळल्याशिवाय वस्ती निवडता येत नाही.

गिऱ्हाइकाविषयीचा एक गैरसमजही आधीच दूर करावा. महाराष्ट्रातून सिंगापूर-मलेशियाच्या सहली वर्षानुवर्षे निघत आल्या आहेत आणि 1 डिसेंबर 2023 पासून मलेशियाने भारतीय प्रवाशांना व्हिसामाफी दिल्यावर तिकडे जाणे आणखी सोपे झाले. त्यामुळे 'लोक जाऊन आलेत, म्हणजे त्यांना हे पदार्थ ठाऊक असणार' असे वाटते. परंतु सहलीतल्या जेवणात भारतीय पदार्थांचाच आग्रह असतो, म्हणून पेत्रोनास टॉवरसमोर फोटो काढून आलेल्या अनेकांनी लाक्सा (मसालेदार रश्श्यातल्या शेवया) चाखलेलाही नसतो. आपले खरे गिऱ्हाईक म्हणजे थाई किंवा बर्मी पदार्थ आवडीने खाणारे, नवे काही मागवून पाहण्याची सवय असलेले आणि त्यासाठी थोडे जास्त मोजणारे लोक. ते शहरात सगळीकडे सारखे विखुरलेले नाहीत.

आता जागेकडे वळू. गाळा पाहायला गेल्यावर दर्शनी भाग, काच आणि पाटीची जागा यांवर नजर खिळते, पण मलेशियन स्वयंपाकासाठी गाळा मागच्या बाजूने पाहावा. याची कारणे दोन. पहिले म्हणजे 'चार क्वे त्याओ' (परतलेल्या तांदळाच्या चपट्या शेवया) यासारखे नूडल्सचे पदार्थ मोठ्या आचेच्या बर्नरवर, तापून धुरावलेल्या कढईतच जमतात, त्यामुळे धूर आणि तेलाची वाफ साध्या पंख्याला आवरत नाही. दुसरे कारण बेलाचान. कोळंबीच्या आंबवलेल्या लगद्याची ही वडी सांबलचा, म्हणजे तिखट मिरचीच्या चटणीचा, प्राण आहे आणि वापरण्याआधी ती भाजावी लागते. सुका जवळा भाजताना घरभर पसरणारा वास ज्यांना परिचित आहे, त्यांनी त्याहून उग्र आणि जास्त वेळ रेंगाळणारा वास डोळ्यांसमोर आणावा. वर राहती सोसायटी असेल, तर हा वास तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत शिरला त्या दिवसापासून तक्रारअर्ज सुरू होतात.

म्हणून कराराची बोलणी पुढे जाण्याआधी मालकाच्या परवानगीने गाळ्यातच एक चाचणी करावी. छोटी शेगडी न्यावी, सुपारीएवढा बेलाचानचा तुकडा ॲल्युमिनियमच्या कागदात गुंडाळून मंद आचेवर दोन्ही बाजूंनी भाजावा, शटर अर्धे खाली ओढावे आणि एका माणसाला शेगडीपाशी थांबवून आपण जिन्याने वर जावे. वास जिन्यात चढतो का, डक्टमधून प्रत्येक मजल्यावर उतरतो का, पार्किंगमध्ये साचून राहतो का, हे नाकानेच समजते. ही चाचणी एकदा दुपारी आणि एकदा संध्याकाळी करावी, कारण वाऱ्याची दिशा बदलते. एक्झॉस्टचे धुराडे इमारतीच्या गच्चीच्या वर नेण्याची लेखी परवानगी सोसायटी देत नसेल, तर तो गाळा कितीही देखणा असला तरी सोडावा. तोंडी होकार पुढच्या निवडणुकीत अध्यक्ष बदलला की संपतो.

स्वयंपाकघराला लागणारी जागाही सुरुवातीलाच मोजावी. मलेशियन पदार्थांत मासळी अनपेक्षित ठिकाणी असते. पालेभाजीच्या डिशमध्येही बेलाचान पडते आणि नासी लेमाकवर बारीक सुकी मासळी असतेच. पुण्यात शाकाहारी गिऱ्हाईक गृहीत धरावे लागते, आणि त्याला प्रामाणिकपणे शाकाहारी सांबल द्यायचे तर वेगळा ओटा, वेगळी भांडी आणि शक्य तर वेगळा बर्नर हवा. माझा हिशेब असा की एकूण कार्पेट क्षेत्राच्या, म्हणजे भिंतींच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेच्या, तिसऱ्या हिश्शाहून कमी जागेत हे स्वयंपाकघर नीट चालत नाही. दलाल बहुधा भिंती धरून येणारे मोठे बिल्ट-अप क्षेत्र सांगतो, तेव्हा टेप घेऊन स्वतः मोजावे आणि भाड्याचा दर कार्पेटवर काढून पाहावा.

वस्त्यांचा विचार करताना कोरेगाव पार्कचे नाव आधी येते आणि ते योग्यच आहे. ओशो आश्रमामुळे इथे परदेशी माणसांची ये-जा दीर्घकाळ राहिली आणि 'मलाका स्पाइस'सारख्या ठिकाणाने 1990च्या दशकापासून आग्नेय आशियाई चवीचा गिऱ्हाईक घडवला. लेमनग्रास म्हणजे काय हे इथे समजावून सांगावे लागत नाही. त्याचीच दुसरी बाजू अशी की इथला गिऱ्हाईक तुलना करतो, भाडे जड आहे आणि संध्याकाळच्या जेवणावरच गल्ला अवलंबून राहतो. सजवलेले, रात्रीच्या जेवणाचे उपाहारगृह काढायचे असेल आणि हातात किमान वर्षभराचे खेळते भांडवल असेल, तरच इथे यावे.

मला विमाननगर आणि त्याला लागून असलेला कल्याणीनगर-खराडीचा पट्टा पहिल्या प्रयत्नासाठी अधिक योग्य वाटतो. सिंबायोसिसची महाविद्यालये, नगर रस्त्यावरची कार्यालये, खराडीतली आयटी संकुले आणि जवळचा विमानतळ यांमुळे सकाळच्या कॉफीपासून रात्रीच्या रोती चनाईपर्यंत दिवसाच्या प्रत्येक तुकड्याला वेगळे गिऱ्हाईक मिळते. देशाच्या नाना भागांतून आलेली तरुण मंडळी भाड्याच्या घरांत राहतात आणि आठवड्यातून अनेकदा बाहेर जेवतात. विद्यार्थ्यांवर मात्र पूर्ण भिस्त ठेवू नये, कारण परीक्षा आणि उन्हाळ्याची सुट्टी आली की ते गाव सोडतात. खराडीत नेमके उलट घडते: सोमवार ते शुक्रवार दुपारी बसायला जागा नसते आणि रविवारी दुपारी त्याच रस्त्यावर शुकशुकाट असतो. म्हणून कार्यालये आणि राहती घरे या दोन्हींच्या चालत्या अंतरावर असलेला, मुख्य रस्त्यापासून एक वळण आतला गाळा शोधावा. तिथे भाडे उतरते आणि दुचाकी लावायलाही जागा सापडते.

कॅम्पचा विचार फारच थोडे जण करतात, याचे मला वाईट वाटते. इराणी हॉटेलांमुळे सकाळी बाहेर चहा-नाश्ता करण्याची सवय तिथे मुरलेली आहे, मुस्लिम, पारशी आणि ख्रिस्ती कुटुंबांमुळे मांसाहाराला वारांचे बंधन कमी आहे आणि हलाल मांसाचा पुरवठा हाताशी आहे. मलेशियन खाद्यपरंपरेचा मोठा भाग हलाल असल्याने ही गोष्ट महत्त्वाची ठरते. रेंडांग मलेशियात बहुधा गोमांसाचे करतात. महाराष्ट्रात 2015 पासून गायीबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने इथे ते मटणाचे किंवा कोंबडीचे करावे लागते, आणि चांगल्या मटणाचे दुकान जवळ असणे हा जागा निवडण्याचा एक निकष होऊन बसतो. कॅम्पमध्ये अडचण आहे ती जुन्या इमारतींची, पार्किंगची आणि हद्दीची. बराचसा भाग पुणे कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या अखत्यारीतला असल्याने परवाने महापालिकेकडे मागायचे की बोर्डाकडे, हे पत्त्यावरूनच ठरते. तसाच प्रश्न हिंजवडीत येतो, कारण ते पुणे महापालिकेच्या हद्दीबाहेर आहे.

बाणेर-बालेवाडीत खर्च करणारी तरुण कुटुंबे आहेत आणि नव्या इमारतींत धुराड्याची सोय बऱ्याचदा आधीच केलेली असते. तिथे दोन गोष्टी तपासाव्यात: उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे कोण देतो. त्यासोबत समोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे फ्रंट किंवा साइड मार्जिनमध्ये, टेबले मांडून दाखवणाऱ्या मालकावर विसंबू नये. ती जागा मंजूर नकाशात बैठकीसाठी नसेल, तर अतिक्रमणविरोधी कारवाईत शेड जाते आणि भाडे मात्र तेवढेच राहते. मध्यवर्ती पेठा आणि लक्ष्मी रस्ता या प्रकारच्या व्यवसायाला मला सोयीचे वाटत नाहीत. गणेशोत्सवात तिथले रस्ते वाहनांना बंद होतात आणि एरवीही गिऱ्हाइकाला गाडी लावता येत नाही. कोथरूडमध्ये शाकाहाराकडे झुकलेला, छोटा मेनू असलेला कोपितियाम चालू शकेल, मासळीवर उभे असलेले ठिकाण चालवणे अवघड जाईल.

एखादा रस्ता पसंत पडला की त्याची पाहणी शनिवारी रात्री करून समाधान मानू नये, कारण शनिवारी सगळेच रस्ते भरलेले दिसतात. मंगळवारी दुपारी अडीच वाजता आणि गुरुवारी रात्री साडेआठ वाजता शेजारच्या दोन-तीन उपाहारगृहांसमोर उभे राहून आत किती टेबले भरलेली आहेत, बिल देऊन निघणारे एकटे आहेत की कुटुंबासह, डिलिव्हरीवाली मुले किती वेळ ताटकळत आहेत, हे वहीत लिहावे. गुरुवार, मंगळवार, संकष्टी, नवरात्र आणि श्रावण यांचा फटका प्रत्येक वस्तीला वेगळ्या प्रमाणात बसतो आणि तो शेजारच्या मटणवाल्याला विचारला तर नेमका कळतो. रस्त्यावर मेट्रोचे किंवा उड्डाणपुलाचे काम येऊ घातले आहे का, याचीही चौकशी करावी. विद्यापीठ चौकातला उड्डाणपूल 2020 मध्ये पाडल्यानंतर त्या परिसरातल्या व्यावसायिकांना वाहतूककोंडी आणि पत्र्यांच्या कुंपणांसह कित्येक वर्षे काढावी लागली.

घरपोच विक्रीचा हिशेब वस्तीच्या निवडीत धरावा, पण जपून. नासी लेमाक प्रवासाला उत्तम, कारण तो मुळातच केळीच्या पानात बांधून विकला जातो. लाक्साचा रस्सा आणि शेवया वेगळ्या दिल्या तर चालतात. चार क्वे त्याओ मात्र डब्यात काही मिनिटांतच चिकट होतो आणि रोती चनाई चिवट होते. ज्या वस्तीत निम्म्याहून अधिक विक्री डिलिव्हरीची असणार आहे, तिथे मेनू आधी बदलावा आणि मगच गाळा घ्यावा.

भाड्याचे गणित वास्तवाला धरून मांडावे. भाडे विक्रीच्या दहा-बारा टक्क्यांपलीकडे जाऊ नये, असा या धंद्यातला सर्वसाधारण दंडक आहे. समजा भाडे दरमहा 1,50,000 रुपये आहे. व्यावसायिक भाड्यावर 18 टक्के जीएसटी लागतो आणि 5 टक्के दराने कर आकारणाऱ्या स्वतंत्र उपाहारगृहाला त्याची वजावट मिळत नाही, म्हणून प्रत्यक्ष खर्च 1,77,000 रुपये होतो. 10 ऑक्टोबर 2024 पासून मालक जीएसटीखाली नोंदलेला नसला तरी नियमित नोंदणी असलेल्या भाडेकरूला हा कर स्वतःच भरावा लागतो, त्यामुळे 'मालकाची नोंदणी नाही, कर लागणार नाही' या आश्वासनात तथ्य नाही. बारा टक्के धरले तर महिन्याला 14,75,000 रुपयांची, म्हणजे दिवसाला सुमारे 49,000 रुपयांची विक्री हवी. माणशी 500 रुपये बिल धरल्यास रोज 98 माणसे जेवली पाहिजेत, आणि चाळीस खुर्च्यांच्या ठिकाणी हे साधायचे तर प्रत्येक खुर्ची दिवसातून जवळजवळ अडीच वेळा भरली पाहिजे. पाहणीच्या वहीतला आकडा याच्या जवळपासही जात नसेल, तर लहान गाळा किंवा स्वस्त रस्ता शोधावा.

करारापूर्वी इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा पाहावा, गाळा व्यावसायिक वापराचा आहे ना हे तपासावे, आणि अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला मिळण्याजोगा दुसरा बाहेर जाण्याचा मार्ग आहे का ते पाहावे. फ्रीज, डीप फ्रीजर आणि एक्झॉस्टसाठी थ्री फेज जोडणी लागेल. मंजूर भार वाढवण्याचा खर्च मालकाचा की आपला, हे लिहून घ्यावे. अन्नसुरक्षा परवाना विशिष्ट पत्त्यासाठी मिळतो, म्हणून जागा बदलली की ती दगदग पुन्हा करावी लागते. लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार बंधनकारक आहे. लॉक-इन, म्हणजे करार मोडता न येण्याचा काळ, शक्य तो मालकावर अधिक आणि आपल्यावर कमी काळाचे असावे, आतले काम चालू असेपर्यंतचे भाडे माफ करून घ्यावे, आणि परवाना किंवा धुराड्याची परवानगी आपल्या चुकीविना नाकारली गेली तर पूर्ण डिपॉझिट परत मिळेल, हे कलम करारात आल्याशिवाय सही करू नये.