तारण झालं, आता मंडळीत (चर्चमध्ये) काय करायचं?

तारण, म्हणजे येशूवरच्या विश्वासाने पापातून मिळालेली सुटका, माझं एकटीचं, असं बाप्तिस्म्यानंतर बरीच वर्षं मी धरून बसले होते. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाच्या 19व्या अध्यायातल्या जक्कय या श्रीमंत जकातदाराने मला हलवलं. येशू भेटल्यावर तो म्हणाला: अर्धं धन गरिबांना, आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत! म्हणून आधी नावं लिहून काढा: कुणाचं देणं आहे, कुणाशी अबोला आहे. प्रभुभोजनाच्या (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीच्या) आधी त्या माणसाकडे स्वतः जा, निरोप धाडू नका. मी गेले तेव्हा त्या ताईंनी दार उघडलं, बोलल्या मात्र तिसऱ्या खेपेला. मंडळीत साक्ष, म्हणजे येशूने तुमच्यात काय बदललं ते, थोडक्यात द्या. नव्या विश्वासणाऱ्याला एकटं सोडू नका. बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या 2ऱ्या अध्यायातले, नव्याने विश्वास ठेवलेले सुमारे 3000 जण सहभागितेत आणि भाकर मोडण्यात टिकून राहिले. येत्या रविवारी त्या नव्या विश्वासणाऱ्याच्या शेजारी बसा.