गटाचं कॅलेंडर स्वतःच्या सर्व्हरवर: आधी वेळेचं बघा

चार-पाच घरांपुरतं सामाईक कॅलेंडर हवं असेल तर रास्पबेरी पाय या छोट्याशा संगणकावर रॅडिकेल हे कॅलेंडर-सर्व्हरचं सॉफ्टवेअर टाकलं की पुरतं. आयफोनला कॅलडॅव्ह (सर्व्हरवरचं कॅलेंडर फोनशी जुळवून ठेवायची पद्धत) थेट जोडता येतं, अँड्रॉइडवर मात्र डॅव्हएक्स५सारखं ॲप लागतं.

स्वतःचं ॲप लिहिणार असाल (हौस असतेच!), तर पुन्हा पुन्हा येणारा कार्यक्रम नुसता यूटीसीत (जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत) साठवू नका. समजा, लंडनमधली नात दर रविवारी तिथल्या सकाळी ११ वाजता पुण्याच्या आजीला फोन करते. हिवाळ्यात आपल्याकडे तेव्हा दुपारचे ४.३० वाजलेले असतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर पुढे जातात आणि तोच फोन इथे ३.३० ला येतो. यूटीसीवाल्या कॅलेंडरात ४.३० च दिसत राहतं, आजी वामकुक्षीत! म्हणून स्थानिक वेळ आणि ‘युरोप/लंडन’ हे वेळक्षेत्राचं नाव अशी जोडी साठवा. +०:०० असा यूटीसीपासूनचा नुसता फरक लिहून ठेवलात तरी तीच गत.

वाढदिवसाला तर वेळ लावूच नका, फक्त तारीख. आपली रात्रीची १२ म्हणजे यूटीसीत आदल्या दिवशीची संध्याकाळ ६.३०, त्यामुळे नातीच्या फोनवर आजीचा वाढदिवस आदल्या दिवशीच सुरू होतो.