वेट कर्सर अडकून राहू नये म्हणून

क्यूटीमध्ये (खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम लिहिण्याची लायब्ररी) वेळखाऊ काम सुरू करताना ‘सेटओव्हरराइडकर्सर’ने वेट कर्सर (‘थांबा’ सांगणारं फिरतं चक्र) लावत असाल, तर एक लक्षात ठेवा: हे कर्सर स्टॅकवर एकावर एक रचले जातात. दोनदा लावला, तर तो काढणारं ‘रिस्टोअरओव्हरराइडकर्सर’ही दोनदा कॉल करावं लागतं. फंक्शन मध्येच रिटर्न झालं किंवा एक्सेप्शन आलं की नेमकी तीच ओळ राहून जाते. काम संपलेलं असतं, पण चक्र फिरतच राहतं आणि वापरणाऱ्याला वाटतं, प्रोग्रॅम हँग झाला. म्हणून सी प्लस प्लसमध्ये एक छोटा क्लास करा: कन्स्ट्रक्टरमध्ये कर्सर लावायचा, डिस्ट्रक्टरमध्ये काढायचा; फंक्शनमधून कसंही बाहेर पडलं, तरी डिस्ट्रक्टर आपोआप चालतो. पायथनमध्ये काहीही झालं तरी चालणारा ‘फायनली’ ब्लॉक पुरतो. फक्त एका बटणावर हाताचा कर्सर हवा असेल, तर ओव्हरराइड वापरूच नका, तो सगळ्या ॲपला लागू होतो. त्या बटणावरच ‘सेटकर्सर’ लावा.