आईचं बचत खातं हलवलं

आईच्या पासबुकात तिमाहीचं व्याज पाहिलं: 4 लाखांवर जेमतेम 2,500. म्हणजे वर्षाला दर अडीच टक्के! जीव हळहळला. 2011 पासून बचत खात्याचा दर बँका स्वतःच ठरवतात, तेव्हा चौकशी करायलाच हवी होती. एका स्मॉल फायनान्स बँकेच्या जाहिरातीत 7 टक्के होते. स्लॅब नीट वाचला तर तो दर 5 लाखांवरच्या रकमेलाच, आमच्या रकमेला 5 टक्के. तरीही दुप्पट. बँक बुडाली तर पैसे परत देणारा ठेव विमा व्याजासकट 5 लाखांपर्यंतच असतो, म्हणून 4 लाखांवर एक रुपया जास्त ठेवला नाही. जुनं खातं बंद केलं नाही, पेन्शन तिथेच येते. नॉमिनी मात्र पहिल्याच दिवशी लावून घेतला. परवा व्याजाचा मेसेज आला, 5,000. आईने तो दोनदा वाचून घेतला.