भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करायच्या आधी: रीपर आणि एनव्हीडीए वापरणाऱ्यांसाठी

येत्या रविवारी नागपूरच्या महाल भागातल्या आजींकडे भुलाबाईची गाणी रेकॉर्ड करायला जायचंय, भाद्रपद पौर्णिमा ते कोजागरी ही गाणी म्हणायचे ते घरोघरी आता राहिलं नाही आणि आजींचा आवाज अजून खणखणीत आहे, म्हणून काहीच चुकायला नको. मला दिसत नाही, सगळं काम एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचं बोलून सांगणाऱ्या प्रोग्रामवर, आणि रेकॉर्डिंग रीपर या सॉफ्टवेअरमध्ये, तर तयारी कशी करतो ते लिहून ठेवतो, कोणाला उपयोगी पडेल.

सगळ्यात आधी दोन आवाज वेगळे करा. गेल्या वर्षी एका काकांचं चाळीस मिनिटांचं बोलणं घेतलं आणि घरी येऊन ऐकतो तर मधेमधे एनव्हीडीएचा आवाज, लॅपटॉपच्या स्पीकरमधून थेट माइकमध्ये गेलेला. ते काही केल्या निघालं नाही. तेव्हापासून डाव्या कानात लॅपटॉपच्या जॅकला लावलेला साधा वायरचा इयरफोन, त्यात फक्त एनव्हीडीए, आणि उजव्या कानावर इंटरफेसचा, म्हणजे माइक लॅपटॉपला जोडणाऱ्या डबीचा, मोठा हेडफोन, त्यात फक्त रेकॉर्डिंग. ब्लूटूथ नकोच, आवाज उशिरा येतो. एनव्हीडीएच्या ऑडिओ सेटिंगमध्ये आउटपुट डिव्हाइस लॅपटॉपचंच निवडा आणि रीपरला इंटरफेसचा एएसआयओ ड्रायव्हर (इंटरफेसशी थेट बोलणारा ड्रायव्हर) द्या, दोघांना एकच डिव्हाइस दिलं तर कधीकधी रीपर ते अडवून बसतं आणि स्क्रीन रीडर मुका होतो, मग काय चाललंय काहीच कळत नाही. ऑडिओ डकिंगही बंद आहे ना पाहा, नाहीतर एनव्हीडीए बोललं की बाकीचा आवाज दबतो आणि लेव्हलचा अंदाज चुकतो.

रीपरसोबत ओसारा हवंच, रीपरमध्ये काय चाललंय ते स्क्रीन रीडरला सांगणारी ही जोडणी. फुकट आहे, आणि ते बनवणारे जेम्स टेह हे एनव्हीडीएच्या सुरुवातीपासूनच्या दोघांपैकी एक, म्हणून आपल्या गरजा त्यात बरोबर ओळखलेल्या वाटतात. इन्स्टॉल करताना ओसाराचा कीमॅप, म्हणजे कोणती की काय करते त्याची मांडणी, घ्यायला हो म्हणा. मग एफ ५ म्यूट, एफ ६ सोलो (फक्त तोच ट्रॅक ऐकू येतो), एफ ७ ने ट्रॅक आर्म (रेकॉर्डिंगसाठी तयार), आणि एफ १२ दाबून कोणतीही की दाबली की ती काय करते ते सांगतं. घरी बसून तासभर हेच करा, आजींसमोर बोटं अडखळायला नकोत.

वायर आणि बटणं हातानं ओळखता आली पाहिजेत. मी माइकच्या केबलला रबरबँड गुंडाळलाय आणि इंटरफेसच्या गेन नॉबवर (माइकचा आवाज कमीजास्त करायचं बटण) एम-सीलचा बारीक ठिपका बसवलाय, तो घड्याळाच्या दहावर आला की माझ्या माइकला साधारण ठीक. पण भुलाबाईत टिपऱ्या वाजतात! नुसत्या गाण्यावर लेव्हल लावाल तर पहिल्याच टिपरीला आवाज फाटेल. टिपऱ्या जोरात वाजवून पाहा आणि पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे १२ ते उणे ६ डीबीमध्ये ठेवा.

निघायच्या आधी लॅपटॉप फुल चार्ज, कारण लाइट कधी जाईल सांगता येत नाही. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो घेतलं तर तासाला साधारण ५२० एमबी लागतात, तेवढी जागा आहे का ते पाहा. विंडोजचे नोटिफिकेशन बंद, फोन फ्लाइट मोडवर, आजींचाही.

तिथं गेल्यावर कूलर बंद करायला सांगा, लाजू नका. गरम होईल, म्हणून सकाळी सातलाच जा, तेव्हा रस्त्यावर गाड्याही कमी असतात. रेकॉर्ड दाबायच्या आधी कंट्रोल एस करून प्रोजेक्टला स्वतःचा फोल्डर द्या, नाहीतर फाइल कुठे गेली ते शोधत बसाल. सुरुवातीला दहा सेकंद सगळे गप्प, खोलीचा नुसता आवाज घ्या, पुढे ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज काढताना त्याचा नमुना लागतो.

आजी गाताना मधेच थांबल्या, ओळ विसरल्या तरी रेकॉर्डिंग थांबवू नका, एम दाबून मार्कर (खूण) टाका, घरी गेल्यावर थेट तिथं जाता येतं. खरं सांगतो, कोणती ओळ कोणाकडून शिकल्या हे त्या अशाच मधल्या वेळात सांगतात. आणि उठायच्या आधी पहिला एक मिनिट तिथंच ऐका, मग पेनड्राइव्हवर कॉपी करा, त्यानंतरच वायरी काढा.