ट्राउटसाठी खोटी माशी कशी निवडायची आणि कशी टाकायची : एका खाडीवाल्याचं गाईड

आधीच सांगून टाकतो, कोकणात ट्राउट नाही आणि येणारही नाही, कारण त्या माशाला पाणी गार लागतं, २० डिग्रीच्या वर गेलं की त्याचा जीव कासावीस होतो, आणि आमच्या आचऱ्याच्या खाडीत मे महिन्यात पाय घातला तर कोणी चहाचं आधण ठेवलंय की काय असं वाटतं. तरी हे लिहितोय कारण गेली दोन-तीन वर्षं हिमाचलला जाणारा कोणी ना कोणी फोन करतो, तिथे ट्राउट गरवायचाय, कुठली माशी घेऊ? म्हणजे लोकांना चार नावं हवी असतात. नावं देतो, पण नुसत्या नावांनी मासा लागत नाही हे मी हिमाचलच्या तीर्थन नदीवर गारठलेल्या पायांनी शिकलोय.

मी पहिल्यांदा फ्लाय रॉड, म्हणजे ही खोटी माशी टाकायची काठी, घेऊन खाडीवर गेलो तेव्हा काका म्हणाला, "पिसार मासो गावता काय रे? खुळावलंस?" त्याचं चूक नव्हतं. आपल्याकडे गरीला कोळंबी लावायची, शिसं बांधायचं आणि भिरकावायचं, वजन शिशाचं. इथे गरीवर पीस, केस, दोरा गुंडाळून किडा केलेला असतो आणि त्याला वजनच नसतं, फुंकर मारली तर उडेल. म्हणून वजन लाइनमध्ये असतं. लाइन जाड असते, आपण ती फेकतो आणि माशी तिच्या मागून फरफटत जाते. एवढं डोक्यात बसलं की अर्धं काम झालं.

१. डबा उघडण्याआधी दगड उलटा

नदीवर पोचल्यावर घोट्याएवढ्या पाण्यात जायचं, नारळाएवढा दगड उचलायचा आणि खालची बाजू बघायची. मी पहिल्या ट्रिपला हे केलं नाही. ऑनलाइन मागवलेला ४० खोट्या माश्यांचा रंगीबेरंगी डबा होता, त्यातली लाल झाली, मग पिवळी, मग हिरवी, मग चमकीवाली, सकाळी सातपासून दुपारी एकपर्यंत फक्त गाठी बांधत बसलो. मासा शून्य. (त्या डब्यातल्या दोन गऱ्या तर दगडाला अडकल्यावर ओढल्या तशा सरळ झाल्या, खिळ्यासारख्या. स्वस्त माल.) दुपारी कंटाळून दगडावर बसलो, सहज एक दगड उलटला आणि खाली काळपट, तांदळाच्या दाण्यापेक्षा जेमतेम मोठे किडे वळवळत होते. माझ्या डब्यातली सगळ्यात छोटी माशी त्यांच्या तिप्पट.

दगडाखाली साधारण तीन प्रकार दिसतात. मेफ्लायचं पिल्लू सडपातळ असतं, मागे बहुतेक वेळा तीन शेपट्या आणि पोटाच्या दोन्ही बाजूंना पिसासारखे हलणारे कल्ले. स्टोनफ्लायचं पिल्लू जरा दणकट, दोन शेपट्या, दगडावर तुरुतुरु चालतं. आणि कॅडिसचा किडा म्हणजे भारी प्रकार, तो रेतीचे कण नाहीतर काडीकचरा चिकटवून स्वतःभोवती नळी बांधतो आणि त्यात राहतो, दगडाला चिकटलेली बारीक रेतीची नळी दिसली की तोच. ही सगळी पिल्लं महिनोन्महिने पाण्यात राहतात, पंख फुटले की बाहेर येतात आणि मग थोडेच दिवस जगतात, मेफ्लाय तर कधीकधी एकच दिवस. म्हणून ट्राउटचं बरंचसं खाणं पाण्याखालीच होतं, वर उडी मारणारा मासा फोटोत छान दिसतो तेवढंच.

उडणारे ओळखायचे तर पंख बघा. मेफ्लाय बसली की पंख होडीच्या शिडासारखे उभे. कॅडिसचे कौलारू छपरासारखे दोन्हीकडे उतरते. स्टोनफ्लायचे पाठीवर सपाट घडी घातलेले. हे तीन लक्षात ठेवलेत तर दुकानातली शंभर नावं आपोआप तीन खणांत बसतात.

२. आधी साइज, मग खोली, रंग शेवटी

गरीचा नंबर उलटा चालतो, १२ मोठी, १४ तिच्याहून लहान, १६ आणखी, १८ म्हणजे चष्मा शोधावा लागेल. दगडाखाली जे दिसलं त्याच्या शेजारी माशी धरून बघा, लांबी जुळली पाहिजे. शंका आली तर एक नंबर बारीक घ्या. साइज जुळली आणि तरी मासा घेत नसेल तर माशी बदलायच्या आधी ती किती खोल चाललीय ते बघा. रंग शेवटी बदलायचा, आणि बहुतेक वेळा तपकिरी-करडा-काळपट यातच भागतं.

डब्यात एवढं असलं तरी पुरे:

पाण्यावर तरंगणाऱ्या ड्राय फ्लाय : ॲडम्स १४ आणि १६ मध्ये, ही १९२२ साली अमेरिकेत मिशिगनला बांधली गेली, कुठल्याच एका किड्याची हुबेहूब नक्कल नाही आणि म्हणूनच सगळीकडे चालते. एल्क हेअर कॅडिस १४, केसाचं छप्पर असल्यामुळे खळखळाटातही बुडत नाही.

पाण्याखालच्या निम्फ : फेझंट टेल १४ ते १८, इंग्लंडमधल्या फ्रँक सॉयर नावाच्या नदीरक्षकाची, त्याने दोऱ्याऐवजी तांब्याची बारीक तारच वापरली म्हणजे बांधणीही झाली आणि वजनही आलं. हेअर्स इअर १२-१४, दिसायला गबाळी, पण काम चोख. यातल्या निम्म्या मणीवाल्या घ्या, डोक्याला धातूचा मणी असतो तो माशी खाली नेतो.

आणि एखाद-दोन वूली बगर, ८ किंवा १० नंबर, काळी नाहीतर ऑलिव्ह. ही किडा नाही, छोटा मासा किंवा जळू म्हणून ओढायची. पाणी गढूळ असेल तेव्हा हिचाच आधार. याच जातीची पण मोठी, पांढरी माशी जड रॉडवर लावून खाडीत जिताड्यालाही टाकता येते, पण तो वेगळा विषय, तो सुरू केला तर हे संपणार नाही.

३. रॉड, लाइन, टिपेट

यात फार घोळ नको. ९ फुटी, ५ वजनाचा रॉड (हे किलो नव्हे, लाइनच्या वजनाचा नंबर), त्याच नंबरची तरंगती लाइन, पुढे ९ फुटांचा निमुळता लीडर, म्हणजे लाइनला जोडायचा बारीक होत जाणारा तंगूस, आणि त्याच्या टोकाला टिपेट, म्हणजे आपला बारीक तंगूस. किती बारीक? गरीच्या नंबराला ३ ने भागा, १२ ला ४एक्स, १६ ला ५एक्स (एक्सचा आकडा मोठा तितका तंगूस बारीक). ५एक्स म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिमीटर, खाडीवाल्याला बघून हसू येतं, पण निवळ पाण्यात जाड तंगूस ट्राउटला दिसतो आणि बारीक माशी त्याला काठीसारखी ताठ लटकते. गाठ आवळायच्या आधी थुंकीने ओली करा, कोरडी आवळलीत तर तंगूस तापून तिथेच कच्चा होतो.

४. फेकायची प्रॅक्टिस घरीच करा

मी किनाऱ्यावर केली, सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, वेळी ओल्या घट्ट वाळूवर, सकाळी, कारण दुपारनंतर खारा वारा सुटला की लाइन तुमच्याच कानाभोवती. गरी लावू नका, लोकरीचा तुकडा बांधा. (माझ्या आतेभावाने लावली होती. शर्ट फाडून काढावा लागला.) घड्याळ डोळ्यांसमोर आणा, रॉड १० वरून १ वर न्यायचा आणि तिथे खटकन थांबवायचा, मागे लाइन सरळ होईपर्यंत थांबायचं, मग पुढे १० वर आणून परत खटकन थांबायचं. सगळी गंमत थांबण्यात आहे. नवशिका पाग टाकल्यासारखा खांद्यातून जोर लावतो, आणि मग लाइनचा ढीग पायाशी. ३० फूट नीट पडायला लागलं की बास, नदीवर त्याहून लांब टाकायची वेळ क्वचित येते. घरी आल्यावर लाइन गोड्या पाण्याने धुवा, वाळू आणि मीठ तिचं वरचं आवरण खातात.

५. कुठे उभं राहायचं, कुठे टाकायचं

इथे खाडीवाल्याला फायदा आहे. काका सांगायचा, "सुकती लागली की मासो पाण्याकडे तोंड करून उभो रवता," ट्राउटचंही तेच, फक्त त्याची सुकती बारा महिने चोवीस तास एकाच दिशेला. तो प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो म्हणून आपण खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जायचं. दगडाच्या मागचं शांत पाणी, खळखळाट संपून डोह सुरू होतो ती जागा, आणि जलद नि संथ पाणी एकमेकाला घासून जातं ती रेघ, बहुतेक फेस त्याच रेघेवरून वाहत येतो. मासा संथ बाजूला आरामात उभा असतो आणि जलद बाजूने आलेलं खाणं उचलतो. पोलराइज्ड गॉगल घाला, पाण्यातलंही दिसतं आणि गरीपासून डोळाही वाचतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. खरा किडा पाण्याबरोबर वाहत येतो, ना जास्त ना कमी. तुमची माशी मात्र लाइनला बांधलेली, आणि मधलं पाणी जलद असेल तर ते लाइनचं पोट खाली ओढतं आणि माशी पाण्यावर रेघ ओढत पळायला लागते, मागे इंग्रजी व्ही उमटतो. तो व्ही दिसला की मासा आलाच नाही म्हणून समजा. उपाय सोपा आहे, माशी पडल्या पडल्या रॉडच्या टोकाने लाइनचं पोट उचलून वरच्या अंगाला टाकायचं, माशी न हलवता. याला मेंड म्हणतात. मी एकदा १६ नंबरची फेझंट टेल लावली तरी पहिला अर्धा तास काही नाही, मेंड करायला लागलो आणि तिसऱ्या फेकीला मासा.

शेजारचा फेसाचा बुडबुडा बघा, माशी आणि बुडबुडा बरोबरीने चालले तर बरोबर चाललंय.

६. खाली आणि वर, दोन्ही एकदम

मासा वर येताना दिसत नसेल तर ड्रायच्या गरीच्या वाकाला दीड-दोन फूट टिपेट बांधून खाली मणीवाली निम्फ लावा. वरची माशी खायलाही आणि बोया म्हणूनही. ती थबकली, बुडली, जराशी बाजूला सरकली की रॉड उचला. निम्फ अधूनमधून तळाला टेकली पाहिजे, कधीच अडकत नसेल तर ती वरून चाललीय, टिपेट वाढवा नाहीतर बारीक शिसं चिमटा. ड्राय बुडायला लागली तर हवेत दोन-तीन फेऱ्या मारून झटका.

मासा वर आला की खाडीसारखा हिसका देऊ नका, ५एक्स आहे तो! नुसता रॉड उचला.

७. घरचा कोंबडा

एक माशी घरी बांधून बघाच, ग्रिफिथ्स नॅट. १६ नंबरची गरी, काळा बारीक दोरा, गळून पडलेल्या मोरपिसाच्या दोन-तीन काड्या आणि कबऱ्या कोंबड्याच्या मानेवरचं एक पीस. कोंबड्याचंच हवं, कोंबडीचं नको, कोंबड्याचे तंतू ताठ असतात म्हणून माशी तरंगते, कोंबडीचे मऊ, पाणी पितात आणि बुडतात. दोरा गरीच्या वाकापर्यंत न्या, पिसाचं टोक तिथे बांधा, मोरपिसाच्या काड्या बांधून दोऱ्याला पीळ घालत गरीच्या डोळ्यापर्यंत (तंगूस ओवायच्या भोकापर्यंत) गुंडाळा, मग पिसाचे विरळ पाच-सहा वेढे, गाठ, वर नेलपॉलिशचा ठिपका. पहिली माझी झाडूसारखी झाली होती. ही बारीक चिलटांच्या पुंजक्याची नक्कल, आणि संध्याकाळी संथ डोहावर इतकी चालते की बाकी डबा उघडावासा वाटत नाही.

८. जायच्या आधी आणि मासा लागल्यावर

हिमाचलात मत्स्य विभागाचं लायसन्स लागतं, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट बंद, अंडी घालायचा काळ. किती ठेवता येतात, किती लांबीचा चालतो ते लायसन्स काढतानाच विचारून घ्या. मे-जूनमध्ये दुपारनंतर वरचं बर्फ वितळून पाणी चढतं आणि गढुळतं, म्हणून सकाळ साधा. पावसाळा सोडून द्या.

तो मासाही तिथला मूळचा नाही बरं का, ब्राउन ट्राउट १९०० च्या सुमारास ब्रिटिशांनी विलायतेतून आधी काश्मीरला आणला. सोडणार असाल तर गरीच्या टोकामागचा उलटा काटा आधीच पक्कडीने दाबून टाका, हात ओले करा, मासा पाण्यातच ठेवून गरी काढा आणि प्रवाहाकडे तोंड करून धरा, तो आपणहून सुटतो.

परत आलात की डबा उघडा ठेवून माशा वाळवा. आपल्याकडे दमट हवेत गरी दोन दिवसांत गंजते आणि पिसांना कसर लागते ती वेगळीच. मी पहिल्या पावसाळ्यात शहाणपणा करून डबा तांदळाच्या पिंपात ठेवला होता, कोरडा राहील म्हणून. झाकण नीट लागलं नव्हतं. आईने तांदूळ निवडताना १८ नंबरची फेझंट टेल काढली, सोंडकिडा समजून, आणि ती गरी आहे हे बोटाला लागल्यावर कळलं. आता डबा माझ्या कपाटात असतो, सिलिकाच्या पुड्या घालून.